नावानं हाक

मानक नगर, लखनौ
५ डिसेंबर १९९३

अरुणाताईंना नमस्कार.

अडीच वर्षांत तुमचं पत्र नाही आणि मीही लिहिलं नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही मिरजेहून निघून आलात, दारातून पुसलेली फरशी पाहिलीत आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. त्यानंतर लिहिण्यासारखं मला काही सुचलं नाही. आज लिहितो आहे ते मात्र तुमच्याखेरीज कुणाला लिहिता येण्यासारखं नाही. तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल, कै. नंदाबद्दल आहे.

गेल्या महिन्यात इथं विधानसभेचं मतदान झालं. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना निवडणूक आली की ड्यूटी लागतेच, आणि ती नेहमी दुसऱ्याच मतदारसंघात. त्यामुळे आमच्या कॉलनीच्या शाळेत मतदान कसं होतं हे मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. यंदाही मी पार गोमतीपलीकडच्या एका खेड्यात पेट्या, लाख आणि कंदील घेऊन केंद्राध्यक्ष म्हणून बसलो होतो. पेट्या जमा करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. शेजारच्या चित्रा भाभी (श्रीवास्तवांच्या, तुम्हाला पाणी आणून दिलं होतं त्याच) किल्ली द्यायला आल्या आणि किल्ली हातात न देता कठड्यावर ठेवली.

"भाईसाहब, एक बात कहूँ? बुरा मत मानिएगा। कल भाभीजी के नाम का वोट पड़ गया।"

मी हसलो. मेलेल्यांच्या नावानं मतं पडतात हे इथं शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. यादीतून नंदाचं नाव काढायचं माझ्याकडून राहिलं होतं, कुणीतरी त्याचा फायदा घेतला. मी तसं म्हणालो. भाभी हसल्या नाहीत.

संध्याकाळी सतीशबाबूंकडे गेलो. हे रेल्वेचे निवृत्त गार्ड. दर निवडणुकीला आमच्या केंद्रावर कुठल्या ना कुठल्या पक्षाचे एजंट म्हणून बसतात. "पार्टी बदलती है साहब, मेरी कुर्सी नहीं," असं स्वतःच सांगतात. केंद्रावरचा अधिकारी मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतो. माणूस खोटा असेल तर एजंटानं तिथल्या तिथं हरकत घ्यायची, एवढंच त्याचं काम. सतीशबाबूंनी आजवर स्वतःच्या साडूलासुद्धा सोडलेलं नाही.

मी विचारलं, "आपने रोका क्यों नहीं?"

"टेम्बे साहब, जो बोगस डालने आता है वो हड़बड़ी में रहता है। ये तो ऐसे आईं जैसे अपने घर आई हों। पल्लू आगे तक था। नाम पुकारा गया तो बोलीं, 'ओ'।"

तुम्हाला सांगायला हवं. नंदाला मतदानाचं भारी वेड होतं. राजकारणाचं नव्हे. कोण निवडून आलं हे ती दुसऱ्या दिवशी विचारायचीसुद्धा नाही. तिला तिथं जाऊन नाव पुकारलेलं ऐकायचं असायचं. इथं ती सगळ्यांची भाभीजी, नाहीतर मिसेस टेंबे. अलीगंजला आपली मराठी मंडळी जमली तर टेंबेवहिनी. "पूर्ण नावानं हाक फक्त तिथं मारतात," असं म्हणून ती सकाळीच नहाऊन निघायची. नाव वाचलं की शाळेतल्या पोरीसारखी ओ द्यायची. इथल्या लोकांना ते नवं. ते हसायचे, तीही हसायची. मग उजव्या हातानं डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून बोट पुढं करायची, शाईच्या बाटलीला बांगडी लागायला नको म्हणून.

सतीशबाबूंनी बसल्या जागी तसंच करून दाखवलं. गार्डाचा तो जाड केसाळ हात, आणि बांगड्या सारल्याची ती खूण. मला चहा पुरा पिववला नाही.

कोणीतरी तिची नक्कल केली आहे, दुसरं काही नाही. नाव वगळण्याचा अर्ज आणून ठेवला आहे. या आठवड्यात भरून देतो. तुमच्या कानावर घालावं एवढ्यासाठीच लिहिलं. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला,
हरिहर


मानक नगर, लखनौ
२० जानेवारी १९९४

अरुणाताईंना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही, फक्त एक ओळ: "तोंड पाहिलं का कुणी?"

नाही. त्याच दिवशी दोघांनाही विचारलं होतं. चित्रा भाभी बायकांच्या रांगेत तिच्या मागंच होत्या. त्या म्हणाल्या, पदर नाकापर्यंत ओढलेला होता. आता तुम्हीच सांगा, नंदानं कधी घुंगट घेतला होता का? इथल्या बायका तिला चिडवायच्या, "आप लोगों में तो मर्द भी नहीं शरमाते, औरतें क्या शरमाएँगी।" म्हणजे ती नंदा नव्हे. मी हे भाभींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाईसाहब, अब शरम आने लगी होगी।" त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

तुमच्या कार्डातला दुसरा प्रश्न मला वाचता येतो. तो तुम्ही लिहिलेला नाही. मी तुम्हाला तिचं तोंड पाहू दिलं नाही, हाच ना? मिरजेहून लखनौला यायला तुम्हाला दोन रात्री लागणार होत्या. जूनचा महिना. बर्फाची लादी सकाळी आणली तर दुपारी तिचं नुसतं पाणी. कॉलनीतले लोक म्हणाले, साहब, अब नहीं रोक सकते. म्हणून भैंसाकुंडाच्या स्मशानात नेलं. आज तसाच प्रसंग आला तरी मी तेच करीन. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "मी पाहिलं नाही, तेव्हा माझ्यापुरती ती मेलेली नाही." ते वाक्य मी विसरलो नाही. रागावूनही लिहीत नाही. अलीकडे फक्त जास्त वेळा आठवतं.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी मतदान झालं होतं. तिला नेलं तेव्हाही बोटावर शाई तशीच होती. हात जोडून बांधताना मी पाहिली.

अर्ज अजून भरलेला नाही. त्यात मृत्यूची तारीख लिहावी लागते आणि दाखला जोडावा लागतो. दाखला बँकेच्या कागदांत आहे. शोधतो.

हरिहर


मानक नगर, लखनौ
११ जून १९९५

अरुणाताईंना नमस्कार.

वर्षभर तुमची दोन-तीन कार्डं आली, प्रत्येकात तब्येत बरी आहे आणि फार तर एखादा टोमणा. तेवढं पुष्कळ आहे.

इकडे सगळ्या मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं चाललं आहे. कॉलनीच्या शाळेत पडदा लावून एकेकाला स्टुलावर बसवतात, कॅमेरावाला "हिलिए मत" म्हणतो आणि तेवढ्यात माणूस हलतोच. माझ्या कार्डावर मी नुकताच तुरुंगातून सुटलेला दिसतो. श्रीवास्तवांच्या कार्डावर नुसता चष्मा आहे. "चेहरा सरकार ने रख लिया," असं ते सांगत फिरतात.

मी फोटो पहिल्या फेरीत काढला. दुसऱ्या फेरीच्या वेळी झाशीच्या बाजूला रुळांच्या तपासणीला गेलो होतो. परत आलो तर दाराच्या कडीत एक कार्ड खोचलेलं. नंदा टेंबे, पती हरिहर टेंबे, घर क्रमांक बरोबर. फोटोही आहे.

सतीशबाबूंकडे गेलो नाही. चित्रा भाभींना मात्र कुंपणावरून विचारलं, दुसऱ्या फेरीला रांगेत कोण कोण होतं. त्यांनी कॉलनीतल्या निम्म्या बायकांची नावं सांगितली आणि मग वाळत घातलेले कपडे काढायला लागल्या. मी तिथंच उभा राहिलो. शेवटी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भैया ने कहा था पल्लू हटाइए। उन्होंने हटाया। मैं पीछे थी, मुझे नहीं दिखा।"

म्हणजे कॅमेऱ्याला तोंड दिसलं. पण कार्डावर बाई हललेली आहे. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एकात एक मिसळून गेलं आहे. भांग उजव्या बाजूचा वाटतो, नंदाचाही तसाच होता, पण तो तुमचाही आहे आणि अर्ध्या बायकांचा असतो. मी भिंग घेऊन बसलो. भिंगातून नुसते ठिपके दिसतात. लांब धरलं तर कुणीतरी दिसतं, आणि ओळखू येणार इतक्यात जातं.

तुम्ही म्हणाल, पाठवून द्या, मी पाहते. पोस्टाचा भरवसा नाही. शिवाय ते इथं राहिलेलं बरं, असं वाटतं. तिचं कार्ड माझ्या कार्डाशेजारी ठेवलं आहे.

तुमच्या मागच्या कार्डात एक टोमणा होता, की मी नंदाच्या नावामागे 'कै.' लिहायचं सोडलं आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. यापुढे लक्ष ठेवीन.

आमच्याकडे आंबे चांगले आले आहेत यंदा. दशहरी. नंदाला हापूसपुढे ते कधीच पसंत नव्हते, तरी दोघांपुरते आणले.

हरिहर


मानक नगर, लखनौ
२५ ऑगस्ट १९९६

अरुणाताईंना नमस्कार.

गेल्या महिनाअखेर निवृत्त झालो. हार, घड्याळ, समोसे, सगळं यथासांग झालं. क्वार्टर अजून थोडे महिने ठेवता येतं, मग सोडावं लागेल. पुण्याला धाकट्या भावानं खोली बघून ठेवली आहे. मी त्याला सांगितलं, विधानसभेची निवडणूक झाली की बघू. तो फोनवर म्हणाला, "दादा, तू उभा राहतोयस की काय?"

नाही. पण बसतो आहे. तुम्हाला कळलं असेलच का ते. आजवर प्रत्येक मतदानाला सरकारनं मला घरापासून लांब पाठवलं. आता सरकारचा माझ्यावर हक्क नाही. उन्हाळ्यात लोकसभेचं मतदान झालं तेव्हाही मी ड्यूटीवर होतो, आणि सतीशबाबूंनी मला न विचारता सांगून टाकलं, "आई थीं।" जणू वाण्याकडे जाऊन आल्यासारखं.

तेव्हा मी सतीशबाबूंना म्हटलं, मला एजंट करा. त्यांना फार आनंद झाला. एका अपक्षाला आमच्या केंद्रासाठी माणूस मिळत नव्हता. उमेदवार कोण, काय करतो, मला माहीत नाही. निशाणी शिलाई मशीन आहे. सतीशबाबू म्हणाले, "बस, चेहरा पहचानना है, और क्या।"

मी तिथं सकाळपासून असेन. नाव पुकारतील, ती ओ देईल, पदर असेल. एजंटानं हरकत घेतली की केंद्राध्यक्षाला ओळख पटवावी लागते. पदर बाजूला करावाच लागतो. मी कायद्यानं सांगू शकतो की ही माझी बायको नव्हे. या जगात तसं सांगू शकणारा मी एकटाच आहे.

सांगेन का, हे मात्र विचारू नका.

तुम्ही लिहिलंत, "नाव काढा. तिला जाऊ द्या." ताई, माझ्यापुरती ती मेलेली नाही हे तुम्ही म्हणाला होतात, मी नाही. मी तर तिला अग्नी दिला आहे. तरी आज तुम्ही म्हणता काढा आणि मला काढवत नाही. आपल्या दोघांची अदलाबदल कधी झाली?

म्हणून विनंती आहे. मतदानाच्या दिवशी तुम्ही इथं या. तोंड पाहायचं राहिलं ना तुमचं? जे असेल ते दोघं पाहू. खोटी बाई असेल तर तुमच्यासमोर मी अर्ज भरतो आणि पुण्याला जातो. तारीख सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही.

हरिहर


मानक नगर, लखनौ
१० ऑक्टोबर १९९६

अरुणाताई,

दुसऱ्याच दिवशी लिहिणार होतो, पण अर्ज देऊन आल्यावर लिहावं असं ठरवलं. आज दिला. म्हणजे मी शब्द पाळला, हे तुम्हाला कळवतो आहे.

तुमचं उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही येणार नाही असंच धरून चाललो होतो. सकाळी मतदान सुरू झाल्यापासून केंद्रावर बसलो. प्रत्येक नावाला मान वर करायची, तोंड पाहायचं, यादीवर खूण करायची. बायकांच्या रांगेत पदर आला की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. सतीशबाबू मधूनमधून लाह्या पुढं करत होते. "साहब, ऐसे मत घूरिए, औरतें लौट जाएँगी।" दुपार झाली, जेवायला उठलो नाही. तिचं नाव काही पुकारलं गेलं नाही. मला वाटायला लागलं की मी बसलो आहे म्हणूनच ती येत नाही.

मतदान संपायला थोडा वेळ उरला होता, तेव्हा चित्रा भाभी खिडकीशी आल्या. चेहरा उतरलेला. "भाईसाहब, आपके यहाँ मेहमान आई हैं। सीढ़ी पर बैठी हैं। हूबहू भाभीजी।"

मी म्हटलं, "अरे, उनकी दीदी हैं, मिरज से।" आणि उठलो. दिवसभर ज्या खुर्चीला चिकटून बसलो होतो ती सोडताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तुम्ही आलात याचाच आनंद इतका झाला होता.

घरी आलो तर पायरीवर कोणी नव्हतं. मी कुलूप काढून आत-बाहेर करतो आहे तोवर तुम्ही शाळेच्या बाजूनं फाटकातून आलात. "जरा पाय मोकळे करून आले," म्हणालात. केस किती पिकलेत तुमचे. मी एकदम ओळखलंच नसतं, पण भांग तोच, चाल तीच. सामान नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं लगेच परत जायचं आहे, म्हणालात. मागच्या वेळीही तुम्ही तसंच केलं होतं, म्हणून मी आग्रह केला नाही.

मला बसवून चहा तुम्हीच टाकलात. साखर डालड्याच्या डब्यात असते हे परक्या माणसाला सांगावं लागतं. तुम्हाला सांगावं लागलं नाही. बहिणींचे हात एकाच वळणाचे असतात. तुम्ही मला पूर्वीसारखं हरिहरराव म्हणाला नाहीत, 'अहो' म्हणालात. मला ते आवडलं. वाटलं, राग गेला.

मग तुम्ही विचारलंत ते शब्द मला तसेच्या तसे आठवतात.

"तिला कधी नावानं हाक मारलीत?"

मी म्हटलं, आमच्या पिढीत कोण मारतं? अगं म्हणायचो. ऐकलंस का म्हणायचो.

"लग्नात घास देताना घेतलं होतं ना नाव? उखाण्यात?"

"तेवढंच. तेही सगळ्यांनी धरलं म्हणून."

"मग ती बिचारी तिथं जाते," तुम्ही म्हणालात. "परका माणूस मारतो हाक. निदान मारतो तरी. एकदा तुम्ही मारा बघू."

मला लाज वाटली. तुमच्यासमोर, या वयात. खिडकीकडे पाहत राहिलो. तुम्ही वाट पाहत होतात, चहाचा कप पुढं करून. शेवटी म्हणालो. "नंदा."

आणि तुम्ही म्हणालात, "ओ."

अरुणाताई, तुम्ही ते माझ्यासाठी केलंत हे मला कळलं. तुमचा आवाज इतका तिच्यासारखा आहे हे तुम्हालाही ठाऊक असणार. मी रडलो, ते तुम्ही पाहिलंत, त्याचं मला काही वाटत नाही. मग तुम्ही म्हणालात, "झालं. आता तिथलं नाव काढून टाका." आणि कप माझ्या हातात देताना डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्यात. बोटावर शाई होती, ओली.

मी कप घेतला आणि चहा प्यालो. पण दुसऱ्या दिवशी सतीशबाबू भेटले. म्हणाले, "आप उठे और उधर से भाभीजी आ गईं। मैंने सोचा आपसे मिलकर ही आ रही हैं। आपकी कुर्सी ख़ाली थी। जब पति ही ऑब्जेक्शन न करे तो मैं कौन होता हूँ?"

मी सगळा हिशेब जुळवला आणि मनापासून हसलो. पाय मोकळे करायला तुम्ही शाळेकडे गेलात, आत नाव पुकारत होते, आणि तुम्ही बहिणीच्या जागी ओ दिलीत. हो ना? कायद्यानं तो गुन्हा आहे आणि मी माजी केंद्राध्यक्ष आहे, पण तुमच्यावर फिर्याद करणार नाही. त्र्याण्णव साली कोण आलं होतं, कार्डावर कोण आहे, हे मला आता जाणून घ्यायचं नाही. नक्कल करणारी कुणीतरी असेल. तिचं आता काम संपलं.

जाताना फाटकाशी तुम्ही वळलात. पदर डोक्यावरून खांद्यावर घेतलात आणि म्हणालात, "पाहिलंत ना नीट? मग झालं तर." मी स्टेशनपर्यंत येतो म्हटलं. नको म्हणालात. मला वाटलं, तुम्ही समेटाबद्दल बोलत होतात.

मीही पाहिलं, ताई. तुमचा माझ्यावर राग नाही हे तुमच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पोचल्याचं कळवा.

तुमचा,
हरिहर


मानक नगर, लखनौ
४ नोव्हेंबर १९९६

अरुणाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. गेले अडीच महिने तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि तुम्ही मिरजेच्या घराचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. शेजारच्या बाईंकडून लिहवून घेतलंत, म्हणून अक्षर वेगळं आहे. खाली सही तुमचीच आहे. माझी मस्करी करू नका, असं तुम्ही लिहिलं आहे.

मी मस्करी केली नाही.

पत्र मी दुपारी वाचलं. मग चित्रा भाभींना हाक मारली आणि विचारलं, त्या दिवशी पायरीवर बसलेल्या बाईचं तोंड तुम्ही पाहिलं का. त्या म्हणाल्या, "देखा। तभी तो भागी आपके पास।" मी विचारलं, मग मला स्पष्ट का नाही सांगितलंत? "कहा तो था भाईसाहब। हूबहू भाभीजी। आपने ही कहा कि दीदी हैं।"

खरं आहे. मीच म्हणालो. चेहरा ओळखण्यासाठी दिवसभर जिथं बसलो होतो तिथून उठून मी घरी आलो, आणि समोर बसलेल्या माणसाला तुमचं नाव देऊन टाकलं. त्याला कारण एवढंच, की मी नेली ती नंदा अठ्ठेचाळीसची होती आणि तिचे केस काळे होते. त्यानंतर पाच वर्षं गेली आहेत हे मला स्वतःपुरतं ठाऊक होतं. तिच्याही वयात ती वाढली असतील असं मनात आलं नाही.

तुम्हाला भीती वाटली आहे, ती पत्रातून कळते. मलाही वाटली, पण पत्र वाचल्यावर. ती होती तेव्हा नाही. तेव्हा घरात चहाचा वास होता आणि कुणीतरी कपाट उघडून बशा काढत होतं, एवढंच.

तुमचं एक राहिलं होतं, ते माझ्याकडून जमेल तेवढं पुरं करतो. तोंड कसं होतं ते लिहितो. कपाळावर मधोमध एक आडवी आठी पडली आहे, पूर्वी नव्हती. डाव्या भुवईत दोन-तीन पांढरे केस आहेत. डोळ्यांखाली काळं नाही. शेवटच्या दिवसांत होतं ते गेलं आहे. हनुवटी तुमच्या आईसारखी व्हायला लागली आहे. ओ देताना तोंड थोडं उघडं राहतं आणि वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो, तो तुम्हीच लहानपणी झोपाळ्यावरून पाडल्यामुळे, असं ती सांगायची. थकलेली दिसत नव्हती. कुणाची वाट पाहत असल्यासारखीही दिसत नव्हती. हे शेवटचं तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो.

अर्ज मी दिलेलाच आहे. काल तो परत घ्यावा म्हणून तहसील कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. तिनंच सांगितलं आहे काढायला. हाक तिला मिळाली आहे, आता तिथं जायचं तिला कारण नाही. माझं मात्र अजून थोडं राहिलं आहे. रोज संध्याकाळी दिवा लावताना एकदा तिचं नाव घेतो, मोठ्यानं. शेजारी काय म्हणतात ते म्हणोत. उत्तर येत नाही. यावं असं वाटतं की येऊ नये, ते ठरलेलं नाही.

नाव वगळण्यापूर्वी कचेरीत सुनावणी असते. शिपाई दारात उभा राहून मतदाराचं नाव पुकारतो, कुणाची हरकत असेल तर त्यानं आत यायचं. नंदाची तारीख जानेवारीत पडली आहे. तिचं नाव सरकारी माणूस पुकारणार ते त्या दिवशी शेवटचं. आपलं कुणी हजर असावं म्हणून मी क्वार्टर सोडायची तारीख पुढं ढकलून घेतली आहे. ते झालं की पुण्याला जाईन.

तोवर तुमचा पाय सुटेल. जमलं तर या. त्या दिवशी दारात आपण दोघंही असू, आणि नाव पुकारल्यावर गप्प राहू.

फक्त निघण्यापूर्वी या वेळी तार करा, आणि गाडी कोणती तेही त्यात लिहा. म्हणजे दार उघडताना मला ठाऊक असेल, कोण आलं आहे ते.

तुमचा,
हरिहर